पेपरचा फोटोग्राफर आणि पोलिसांचा फोटोग्राफर: माणूस एकच, कॅमेरा एकच (फिल्मच्या जमान्यातल्या आठवणी)

निगेटिव्हवाला
मंडळी, छोट्या गावात पेपरसाठी वेगळा आणि पोलिसांसाठी वेगळा फोटोग्राफर हे लाड कोणालाच परवडायचे नाहीत. सकाळी शाळेचं बक्षीस वितरण, दुपारी हायवेवरचा अपघात, आणि रात्री जरा पाठ टेकली की ठाण्यातून माणूस दारात, घरफोडी झालीय, चला. मी फिल्मच्या काळात ही दोन्ही कामं केली, तेव्हा जे वाटायचं ते आता इथे टाकतो, तुम्ही झोडपा.

माझं म्हणणं असं की ही दोन्ही कामं बाहेरून सारखी दिसतात पण एकमेकांच्या मुळावर येणारी आहेत. पेपरला एकच फोटो लागतो, त्यात काय घ्यायचं यापेक्षा काय गाळायचं हे आधी ठरतं. पोलिसांना काहीच गाळलेलं चालत नाही, उलट तुम्हाला जे बिनमहत्त्वाचं वाटलं नेमकं त्याच्यावरच पुढे कोर्टात अर्धा तास प्रश्न. ज्याचा हात पेपरवर बसला तो पोलिसांच्या कामात कायम कच्चा राहतो असं माझं मत. तुमचे अनुभव काय?

आणि एक उपप्रश्न. माझ्याकडे दोन्ही कामांच्या निगेटिव्ह एकाच ट्रंकेत पडून आहेत. तुम्ही तुमच्या निगेटिव्हचं काय केलंत?

टिपकागद
मी पयला! आता वाचतो.

खडूस_उपसंपादक
विषय झकास. पण मी टेबलाच्या या बाजूचा माणूस, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो. पेपरच्या फोटोत काय गाळायचं हे फोटोग्राफरपेक्षा छपाई ठरवायची. न्यूजप्रिंटवर ६५ ची जाळी म्हणजे इंचाला ६५ ठिपक्यांच्या ओळी, त्यातून शाई पसरणार, म्हणजे सावलीतलं सगळं काळं फडक. तुम्ही भले कडक काळा-पांढरा प्रिंट काढून आणाल आणि आमच्यापुढे अभिमानाने ठेवाल, पेपरात तो डांबर होऊनच उतरायचा. त्यामुळे जुन्या फोटोग्राफरांना ठाऊक असायचं की प्रिंट मुद्दाम मऊ काढायचा, राखाडी जास्त, पूर्ण काळं कुठेच नको. प्रदर्शनात लावला तर लोक नाकं मुरडतील, पण छापून आला की बरोब्बर.

ऑफसेट यायच्या आधी तर फोटोचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, करून आणावा लागायचा, आणि आमच्या गावात ब्लॉकमेकर नव्हता. म्हणजे आजचा फोटो उद्या ब्लॉक होऊन येणार आणि परवा छापणार. त्यावर उपाय म्हणजे ब्लॉकची पेटी. सगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे त्यात तयार. एका साहेबांचा हसरा ब्लॉक होता, तो पूरग्रस्त भागाच्या दौऱ्याला पण तोच आणि शोकसभेला पण तोच. साहेबांनी कधी तक्रार केली नाही, फोटो आला ना, बास.

अर्धाशटर
हाहाहा शोकसभेला हसरा ब्लॉक 😂😂 मेलो

तिरपा_उजेड
निगेटिव्हवाला यांच्याशी अर्धाच सहमत. मी खात्यातच होतो, निवृत्त झालो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो, जरा लांबेल.

पेपरवाल्यांनी काढलेले फोटो आमच्याकडे यायचे तेव्हा पहिली अडचण कोणती असायची सांगू? चांगले असायचे! म्हणजे कोन चांगला, उजेड चांगला, सगळं नाट्यमय, पण त्यात मोजपट्टी नाही आणि कॅमेरा कुठे उभा होता ते कळत नाही. आमची पद्धत सरळ आणि कंटाळवाणी. आधी लांबून सगळं, मग मधल्या अंतरावरून ही वस्तू त्या वस्तूच्या किती जवळ आहे ते, मग अगदी जवळून. जवळचा फोटो दोनदा, एकदा मोजपट्टीशिवाय आणि एकदा मोजपट्टी ठेवून, कारण पट्टीच्या खाली काहीतरी लपवलं असा आरोप व्हायला नको. प्रत्येक फ्रेमची वहीत नोंद, नंबर, अंतर, अ‍ॅपर्चर, शटर.

बुटाचा ठसा घ्या. वरून फ्लॅश मारला की ठसा गायब, सपाट जमीन दिसते. उजेड बाजूने, जमिनीलगत, थोडा लांबून पाडायचा, आणि एकाच बाजूने भागत नाही, तीन-चार बाजूंनी वेगवेगळ्या फ्रेम. कॅमेरा ठशाच्या बरोब्बर डोक्यावर, जरा तिरपा झाला की माप गेलं. आणि मोजपट्टी जमिनीवर नाही ठेवायची, बाजूला थोडी माती काढून ठशाच्या तळाच्या पातळीत ठेवायची, नाहीतर पट्टी कॅमेऱ्याला जवळ आणि तळ लांब, प्रिंट मूळ मापाचा काढायला गेलात की बूट एक नंबर लहान निघतो. नवीन पोरांना पट्ट्यांमागचं हे गणित समजावता समजावता जीव जायचा.

बोटांच्या ठशांसाठी खास खोका-कॅमेरा असायचा, फोकस आधीच ठरलेला, आत छोटे दिवे, तोंड सरळ पृष्ठभागाला टेकवायचं आणि दाबायचं, निगेटिव्हवर ठसा १:१, मूळ आकाराचा. तो नसला की मग तुमच्यासारख्यांना बोलवायचो, जवळून टिपण्यासाठी लेन्समागे रिंगा लावून ३५ मिमीच्या कॅमेऱ्यावर. काचेवर ठसा असेल तर मागे काळा कागद, पावडर पांढरट. आरशावर असेल तर देव आठवायचा, ठसाही दोन दिसतात आणि मधे तुम्ही स्वतः.

पण तुमचं "कायम कच्चा राहतो" हे पटत नाही. उलट पेपरवाला वेगात काम करायचा. पावसात ठसा वाहून जायच्या आत फोटो मिळणं हेच मोठं असतं कधीकधी.

टिपकागद
तिरपा_उजेड यांना दंडवत. अजून येऊ द्या.

उलटतपासणी
वकिली केली आहे म्हणून दोन पैसे. आमचा आवडता प्रश्न एकच असायचा, "लेन्स कोणती होती?" पेपरवाल्याकडे २८ मिमीची, म्हणजे रुंद कोनाची, लावलेली असायची कारण गर्दीत मागे सरकायला जागा नसते. त्याने चौक काढला की मागचा विजेचा खांब कुठल्या कुठे दूर गेल्यासारखा दिसतो. आणि १३५ च्या टेलीलेन्सने लांबून काढला की ट्रक आणि स्कूटर एकमेकांना चिकटून. एकाच अपघाताचे दोन फोटो, एकात ड्रायव्हरला ब्रेक मारायला भरपूर जागा होती असं वाटणार, दुसऱ्यात नव्हती. म्हणून ५० ची लेन्स आणि माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, हे ऐकायला साधं वाटतं पण त्यावर केस फिरते.

दुसरा आवडता प्रश्न, "या फोटोच्या आधीची आणि नंतरची फ्रेम कुठे आहे?" निगेटिव्हची पट्टी अखंड असली की आमची बोलती बंद. कापलेली असली की मग मजा.

निगेटिव्हवाला
@उलटतपासणी, अहो नेमकं तिथेच तर सगळी मारामारी! पेपरात काटकसर. ३६ च्या रोलवर ८ फ्रेम झाल्या की अंधारात तेवढाच तुकडा कापायचा, तो धुवायचा, उरलेला रोल परत कॅमेऱ्यात. संपादक-मालकाचा दंडकच होता. आणि पोलिसांचं म्हणणं एका गुन्ह्याला एक रोल, न कापता, पहिल्या फ्रेमवर पाटी, गुन्हा नंबर आणि तारीख. आता चार फ्रेमच्या चोरीसाठी ३६ चा रोल कोण देणार? पोलीस म्हणायचे पेपरचाच वापरा, मालक म्हणायचे पोलिसांकडून घ्या.

त्यावर काढलेला तोडगा म्हणजे लोडर, सुट्या फिल्मचे रोल घरीच भरायचं यंत्र. १०० फुटी डबा आणायचा, त्यातून ३६ चे अठरा-एकोणीस रोल निघतात, पण मी पोलिसांसाठी दहा-बारा फ्रेमचे आखूड रोल भरून ठेवायचो. प्रत्येक रोलचं सुरुवातीचं शेपूट वाया जातं, त्यामुळे हिशेबात तोटाच, पण पट्टी अखंड राहते. एक जपायचं, रिकाम्या डबीच्या तोंडाला मखमल असते, तिच्यात धूळ बसली की फिल्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ टाकल्यासारखे ओरखडे.

काळीखोली
लोडर!! काय आठवण काढलीत. मी डार्करूमवाला, बाहेरचं जग मला लाल दिव्यातच दिसलं 😀

डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) म्हणजे डी-७६, १९२७ पासून चालत आलेला फॉर्म्युला, मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, बोरॅक्स, वजन करून आम्हीच बनवायचो. ट्राय-एक्स फिल्मला २० अंशाला सात-आठ मिनिटं. पण उन्हाळ्यात नळाचं पाणीच तीस अंश, मग २० आणायचं कुठून? वेळ कमी करत गेलात तर पाच मिनिटांच्या खाली डेव्हलपिंग डागाळतं, एकसारखं होत नाही. मग बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी डेव्हलपरमध्ये सोडायची. थेट बर्फ टाकला की डेव्हलपर पातळ. आणि शहाणपणा करून डेव्हलपर २० ला आणला आणि धुवायचं पाणी तसंच गरम ठेवलं की फिल्मवरचं जिलेटिन तडकायचं, बारीक जाळी पडायची सगळ्या फोटोवर. म्हणून सगळी पाणी एकाच तापमानाला, भले २४ ला असो, पण सगळी २४ ला. हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, फिल्मचा थर कडक करणारा तुरटीचा हार्डनर उन्हाळ्यात हवाच.

पेपरचं काम असलं की वाळवायला वेळ नाही. ओली निगेटिव्ह स्पिरिटमधून काढायची, पटकन सुकते. तेवढाही वेळ नसला तर ओलीच एन्लार्जरमध्ये, पुसून, आणि लाव प्रिंट. पोलिसांचं काम असलं की कितीही घाई असो, पूर्ण धुणार, लटकवून वाळवणार, मगच. ओल्या निगेटिव्हला एक बोट लागलं की संपलं.

अर्धाशटर
मी आत्ताच्या पिढीतला, छंद म्हणून फिल्म वापरतो. एक बाळबोध प्रश्न, रात्रीच्या घटनांना ट्राय-एक्स १६०० ला पुश करायचात का, म्हणजे फिल्म आहे त्याहून वेगवान धरून फोटो काढायचे आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची? माझ्या सावल्या पार गायब होतात.

काळीखोली
होणारच. पुश केलं म्हणून फिल्म जास्त उजेड पकडत नाही हो, जिथे उजेड पोचलाच नाही तिथे डेव्हलपर तरी काय काढणार. जास्त वेळ ठेवलं की उजळ भाग आणखी दाट होतो, मधला भाग वर येतो, सावली तिथेच. पेपरात चालून जायचं, चेहरा ओळखू आला की झालं. पोलिसांच्या कामाला पुश नाही, तिथे फ्लॅश.

निगेटिव्हवाला
+१. आणि फ्लॅशचं गणित तोंडपाठ. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, २८ असेल तर तो १०० च्या फिल्मला, ४०० ला दुप्पट म्हणजे ५६. माणूस सात मीटरवर आहे? ५६ भागिले ७, आठचं अ‍ॅपर्चर. उघड्यावर रात्री भिंती नसतात उजेड परतवायला, त्यामुळे अ‍ॅपर्चर एक स्टॉप (दुप्पट उजेड येईल इतकं) अजून उघडायचं.

पण रात्रीचा अपघात असेल, पन्नास मीटरचा रस्ता, ब्रेकच्या खुणा, काचा, तिकडे उलटलेला ट्रक, तर एका फ्लॅशने काय होणार. तिथे कॅमेरा स्टँडवर, शटर बी वर (दाबून धरलं तोवर उघडं), आणि मी फ्लॅश घेऊन रस्त्याच्या कडेने चालत जायचो, थांबायचो, मारायचो, पुढे. दरवेळी फ्लॅश आणि कॅमेऱ्याच्या मधे आपलं अंग, म्हणजे फ्लॅशचा झोत थेट लेन्समध्ये जात नाही. कॅमेऱ्याजवळ एक शिपाई काळा पुठ्ठा घेऊन, मी ओरडलो की काढायचा, गाडी आली की झाकायचा. प्रिंट काढला की दिवसासारखा सगळा रस्ता. एकदा एका शिपायाला पुठ्ठा धरून कंटाळा आला, आत काय चाललंय बघू म्हणून त्याने कॅमेऱ्याची पाठच उघडली. वर मला म्हणतो, साहेब आत तर कायच नाय.

टिपकागद
"आत तर कायच नाय" 🤣 हे फ्रेम करून लावा

खडूस_उपसंपादक
या दुहेरी धंद्याचा महापुरुष म्हणजे न्यूयॉर्कचा वीजी, खरं नाव आर्थर फेलिग. तो पोलिसांचा नोकर नव्हता, पेपरांना फोटो विकायचा, पण १९३८ मध्ये त्याने आपल्या गाडीत पोलिसांचा रेडिओ बसवायची परवानगी मिळवली आणि बऱ्याचदा घटनास्थळी पोलिसांच्या बरोबरीने पोचायचा. गाडीच्या डिकीत डार्करूमचं सामान. चार बाय पाच इंची निगेटिव्हचा मोठा स्पीड ग्राफिक कॅमेरा, फ्लॅशबल्ब, दहा फुटावर फोकस ठरवून ठेवलेला. आणि एक गोष्ट त्याला आधी कळली, मृतदेहापेक्षा बघणाऱ्या गर्दीचे चेहरे जास्त बोलतात. पोलिसांच्या फोटोत गर्दी म्हणजे अडथळा, याच्याकडे तोच फोटो. निगेटिव्हवाला, तुमच्या मुद्द्याला बळकटी देतोय बघा, नोंद घ्या.

तिरपा_उजेड
गर्दी अडथळा नाही हो! आम्ही पण गर्दीचा फोटो काढायचो, मुद्दाम. कोण कोण बघायला आलंय ते नंतर तपासात लागतं. फक्त आमच्यावर कोणी पुस्तकं काढत नाही.

आणि पॅरिस पोलिसांतल्या अल्फाँस बर्तियाँचं नाव घेतलंच पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी समोरून आणि बाजूने असे आरोपीचे दोन फोटो, ठरलेला उजेड, ठरलेलं अंतर, ही शिस्त त्याने लावली. उंच स्टँडवरून कॅमेरा खाली रोखून खोलीचे फोटो काढायचा तोही तोच.

हायपो_आणि_मी
अवांतर. डेव्हलपरमधल्या मेटॉलने बोटांना खाज, भेगा, पुरळ हे कोणाला झालं? माझ्या हातांनी सोडून दिलं शेवटी, फेनिडोनवाल्या डेव्हलपरवर गेलो तेव्हा थांबलं. डॉक्टरला शेवटपर्यंत वाटत होतं मी साबण बदलावा.

काळीखोली
अख्ख्या खात्याला झालं होतं, विचारूच नका. चिमटे असायचे पण घाईत कोण वापरतो, बोटं सरळ ट्रेमध्ये.

आणि अवांतरात अवांतर, वापरून संपलेला हायपो फेकायचा नाही. फिल्मवरची न वापरलेली चांदी त्यात उतरलेली असते. स्टीलवूल टाकून ठेवलं की लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. तो गाळ विकत घेणारे यायचे. आमच्या पेपरात बातमीदारांपेक्षा त्या गाळाची वाट जास्त बघितली जायची.

सायंतारा
इतका वेळ नुसती वाचत होते. एक बोचणारा प्रश्न विचारते. पोलिसांसाठी म्हणून काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात दिसायचा की नाही? खरं सांगा. आमच्या नात्यातल्या एका घरात असं झालंय. घरच्यांनी अजून धड बघितलं नव्हतं आणि पहिल्या पानावर.

निगेटिव्हवाला
सायंतारा ताई, व्हायचं. दोरीच्या आत मला पोलिसांनी नेलेलं असायचं, बातमीदार बाहेर ताटकळत, आणि ऑफिसात गेलं की पहिला प्रश्न "आतलं काय मिळालं?" मी दोन कॅमेरे ठेवले त्यासाठी. दोरीच्या आत जो गेला तो रोल पोलिसांचा, बाहेरून काढलेला पेपरचा. मालकाशी यावरून खूप वाजलं.

खडूस_उपसंपादक
आमच्याकडे सगळेच इतके सोवळे नव्हते. पण एक बाजू मांडतो, कित्येकदा फोटो स्वतः अधिकारीच आणून द्यायचे, आरोपीला पकडल्याचा, मधे स्वतः उभे. फोटोग्राफरला कशाला झोडता.

सायंतारा
अधिकाऱ्यांचा स्वतःचा फोटो वेगळा आणि मेलेल्या माणसाचा वेगळा. हे एका मापाने मोजू नका प्लीज.

उलटतपासणी
सायंतारा यांच्याशी सहमत. शिवाय ओळखपरेड व्हायच्या आधी आरोपीचा चेहरा छापून आला की ती परेड बचावाच्या वकिलाला आंदण. मी स्वतः तो मुद्दा घेतलाय. पेपरवाल्याला एक कॉलम मिळतो आणि पोलिसांची केस पातळ होते.

खडूस_उपसंपादक
ठीक आहे, मुद्दा मान्य. मेलेल्यांबाबत तर मान्यच.

पट्टी_पाकीट
निगेटिव्हच्या प्रश्नाकडे कोणीच वळेना म्हणून लिहिते. मी एका संग्रहात काम करते, रोज हेच बघते.

निगेटिव्हवाला, ट्रंक उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो का आधी ते सांगा. येत असेल तर फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया सडायला लागलाय. त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं आणि तेच सडणं आणखी वाढवतं, शेजारच्या चांगल्या निगेटिव्हनाही लागण होते. वास येणाऱ्या आज वेगळ्या करा, आणि त्याच आधी स्कॅन करा, कारण पुढे त्या आकसतात, वरचा थर सुरकुततो, मग सपाट होत नाहीत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात असतील तर काढा, साधी अ‍ॅसिडमुक्त कागदी पाकिटं किंवा पॉलिप्रॉपिलीन. थंड, कोरडी जागा, पोटमाळा अजिबात नाही.

प्रिंट असतील तर त्यांचं वेगळं. बऱ्याच पेपरांत घाईसाठी स्टॅबिलायझेशनचं मशीन असायचं, कागद एका बाजूने घातला की काही सेकंदात ओलसर प्रिंट बाहेर. त्या प्रिंटमधली रसायनं नंतर हायपो करून धुतली नाहीत तर ते काही काळात पिवळे पडून जातात. पेपरांचे गठ्ठेच्या गठ्ठे असे गेलेले बघितलेत. पोलिसांच्या फायलीतले नीट धुतलेले प्रिंट मात्र अजून खणखणीत. ज्यांना कोणी कला म्हटलं नाही ते टिकले.

अर्धाशटर
स्कॅनर नाही परवडला तर?

पट्टी_पाकीट
डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स, खाली चांगला लाइट पॅनल, स्टँड. कॅमेरा आणि निगेटिव्ह समांतर हवेत, तिरपा_उजेड यांच्या बुटाच्या ठशासारखंच. फ्लॅटबेड स्कॅनरपेक्षा बरं येतं आणि पटापट होतं. पाकिटावरची अक्षरं पण टिपून ठेवा, निगेटिव्हइतकीच महत्त्वाची.

निगेटिव्हवाला
वास येतोय. थोडा, पण येतोय. आज रात्रीच बसतो.

टिपकागद
सुरुवातीला नुसताच "पयला" टाकून पळालो होतो, आता खरा प्रतिसाद. मी दोन्ही केलंय, आधी पोलिसांचं आणि नंतर पेपरचं, म्हणजे धागाकर्त्याच्या उलट. मला तरी उलटाच त्रास झाला. पेपरात गेल्यावर सत्काराला गेलो की मी आधी हॉल काढायचो, मग स्टेज, मग हार, मग माणूस, सगळं क्रमाने, आणि हार घालून झालेला असायचा. संपादक म्हणायचे हा पंचनामा घेऊन आलाय, फोटो कुठाय? ती खोड बरीच वर्षं गेली नाही. पण त्याचा एकदा उपयोग झाला. पूल खचला तेव्हा त्याच पुलाच्या उद्घाटनाचे माझे फोटो शोधत चौकशीवाले आले, कारण फीत कापणाऱ्यांचे फोटो सगळ्यांकडे होते, पुलाचे खांब फक्त माझ्याकडे. तेव्हा "कच्चा राहतो" हे मी दोन्हीकडून नामंजूर करतो.

खडूस_उपसंपादक
खांब! वा. आमच्याकडे असता तर त्याच दिवशी हाकलला असता 😀

तिरपा_उजेड
निगेटिव्हवाला, पोलिसांच्या निगेटिव्ह वेगळ्या करताना वहीतल्या नोंदी जुळवून यादी करा, गुन्हा नंबर, फ्रेम, पट्टी अखंड आहे की नाही. ज्या अजून ठाण्याच्या म्हणता येतील त्या लेखी अर्ज करून परत द्या. घ्यायला कोणी तयार नसेल तर तेही लेखी मागा. आणि पोच घेतल्याशिवाय एकही पाकीट हातातून सोडू नका.